दोन फुटांचा हिशेब

रात्रीचे दोन वाजले असतील. गल्लीतली कुत्री एकदम भुंकायला लागली आणि पाठोपाठ खिडकीच्या काचा बारीक थरथरल्या. मी अंथरुणातून उठलो, तशी सौभाग्यवतींनी विचारले, "आता कुठे?"

"मशीन आलं वाटतं."

"मग येऊ दे की! तुम्ही काय हार घालायला जाणार आहात?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्या घटकेला मलाही देता आले नसते. मी शर्ट चढवला, बॅटरी घेतली आणि जिना उतरलो.

सांगायचे म्हणजे, मीरा रोडची आमची जुनी इमारत आता राहिलेली नाही. १९९१ साली बांधलेली, चार मजल्यांची, बिनलिफ्टची. तीस-बत्तीस पावसाळ्यांत तिच्या तुळयांचे प्लास्टर सुटून सळया दिसू लागल्या आणि शेवटी आम्ही सगळ्यांनी पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या केल्या. सध्या समोरच्याच गल्लीत भाड्याने राहतो आणि रोज सकाळी फिरायला निघालो की पत्र्याच्या कुंपणातल्या फटीतून आपल्या रिकाम्या जागेकडे बघून येतो. उभी हयात बँकेत गेल्यामुळे सोसायटीच्या कमिटीत माझी वर्णी आपोआपच लागली. आदल्या दिवशी बिल्डरच्या इंजिनिअरने सांगितले होते, "काका, उद्या रात्री रिग येतेय. परवापासून पायलिंग सुरू."

गल्लीच्या तोंडाशी पिवळा दिवा लुकलुकवणारी एक जीप उभी होती. तिच्यामागे घोडा. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला या धंद्यात घोडाच म्हणतात. आणि घोड्यामागे, पोट जमिनीला टेकते की काय असे वाटावे इतका बुटका, लांबलचक ट्रेलर. त्यावर आपला उंच मनोरा पाठीवर आडवा घेऊन ते यंत्र निजले होते. चारही कोपऱ्यांना जाड साखळ्या तिरप्या ओढून बांधलेल्या. मागे आणखी एक ट्रक होता, त्यात यंत्राचे सुटे अवयव: जमिनीत फिरत जाणारा भलामोठा स्क्रू, त्याला फिरवणारा लांब दांडा आणि तोल सांभाळणारी लोखंडी वजने.

"किती वजन हो?" मी ड्रायव्हरला विचारले. चाळिशीचा, लातूरकडचा माणूस.

"सगळं जोडलं तर पंचावन्न टनांच्या आसपास, काका. आता सुटं केलंय, म्हणून चाळीस-पंचेचाळीस धरा."

गल्लीचे ते एक वळण घ्यायला त्यांना पाऊण तास लागला. एवढा लांब ट्रेलर वळतो तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतल्या अंगाने कोपरा कापत येतात. म्हणून आतल्या कोपऱ्यावर एक पोरगा बॅटरी घेऊन उभा होता. दोन स्कूटर उचलून बाजूला ठेवल्या, एका मोटारीच्या मालकाला झोपेतून उठवले. त्याने खिडकीतून जे काही ऐकवले ते रविवारच्या पुरवणीत छापण्यासारखे नाही. आमच्याच कमिटीने हौसेने घालून घेतलेला गतिरोधक आडवा आला, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना फळ्यांचा उतार रचावा लागला, नाहीतर ट्रेलरचे पोट त्यावर टेकून गाडी अधांतरी अडकली असती.

मग आला उतरवण्याचा प्रसंग. हे काम बघणाऱ्याला सोपे वाटते. मागचे दोन लोखंडी उतार खाली सोडायचे, त्याखाली लाकडी ठोकळे लावायचे, साखळ्या सोडायच्या आणि यंत्र आपल्या पट्ट्यांवर रांगत खाली येणार. पण मुकादमाने सगळ्यांना दूर हटवले आणि एकटाच समोर उभा राहिला. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून खुणा हातांनी करायच्या, आणि त्या एकाच माणसाने करायच्या. दोघांनी दोन खुणा केल्या की घात. यंत्र मागे सरकत सरकत उताराच्या कडेवर आले आणि अर्धे बाहेर, अर्धे ट्रेलरवर असे क्षणभर थबकले. सी-सॉच्या फळीवर मधोमध उभे राहिलेले मूल थबकते, तसे. मग त्याचे सगळे वजन एका बाजूने खाली झुकले, उतार करकरले, आणि ते हळूच रस्त्यावर टेकले. त्या क्षणी उतारावर तेलाचा थेंब असेल, चिखल असेल किंवा चालवणाऱ्याने जरासे वळवायचा प्रयत्न केला, तर ते घसरून उलटते. दिवसभराच्या प्रवासापेक्षा हे पाव मिनिट भारी.

मी मात्र बघत होतो ट्रेलरकडे. यंत्र उतरल्यावर त्याचा रिकामा पाट उघडा पडला होता. जवळ जाऊन उभा राहिलो. तो माझ्या मांडीच्या वर जरासा लागत होता. म्हणजे तीन फूट. साधा ट्रेलर असता तर छातीशी आला असता. म्हणजे पाच फूट.

दोन फुटांचा फरक. या दोन फुटांशी माझा जुना हिशेब आहे, आणि तो अजून चुकता झालेला नाही. पण त्याआधी जमिनीबद्दल थोडे सांगायला हवे.

*

मीरा-भाईंदर ही मिठागरांची आणि खाडीची भूमी. नगरपालिका झाली १९८५ साली आणि महापालिका २००२ साली. पण आमच्यासारखे लोक मुंबईत जागा परवडेना म्हणून इकडे आले, तेव्हा स्टेशनबाहेर पडले की अजून मिठाचे पांढरे ढीग दिसत. खाडीकाठच्या या जमिनीत वर भराव, त्याखाली काळा मऊ गाळ, त्याखाली मुरूम आणि मग कुठे काळा पाषाण. गाळावर घर उभे राहत नाही. ते खालच्या खडकाला पोचवावे लागते. त्यासाठी जमिनीत खोल भोके घ्यायची, सळयांचे पिंजरे सोडायचे, काँक्रीट ओतायचे. हे काँक्रीटचे खांब म्हणजे पाइल. आपण ज्याला घर म्हणतो त्याचा हा भाग आपल्याला जन्मात कधी दिसत नाही.

हे दुखणे जुनेच आहे. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने १८६० च्या दशकात मुंबईकडे येताना वसईच्या खाडीवर, म्हणजे आपल्या भाईंदरलाच, पूल बांधले, तेव्हाही प्रश्न हाच होता. त्यांनी उत्तर काढले मळसूत्राचे. ओतीव लोखंडाचे खांब, टोकाला स्क्रूसारखे पाते. ते गाळात पिळत पिळत खाली न्यायचे. ही युक्ती आयर्लंडच्या अलेक्झांडर मिचेल यांची, आणि त्यांनी १८३३ साली तिचे पेटंट घेतले तेव्हा त्यांची दृष्टी गेलेली होती. जो पाया कोणालाच दिसत नाही, त्याची युक्ती न दिसणाऱ्या माणसाला सुचावी यात मला नेहमी काहीतरी अर्थ वाटत आला आहे. ते खांब विलायतेहून जहाजाने आले. १८६४ साली गाडी मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली.

आमच्या तरुणपणी पायलिंग म्हणजे तीन पायांची तिकाटणी. वर कप्पी, खाली विंच, आणि दोराला टांगलेली जड छिन्नी. ती वर ओढायची, सोडायची. वर ओढायची, सोडायची. धप्प... धप्प... १९९० च्या दशकात मीरा रोडला जे राहत होते, त्यांच्या पोरांनी दहावीचा अभ्यास या आवाजात केला आहे. ती तिकाटणी सुटी करून साध्या ट्रकात घालून नेता येत असे. पुढे फिरत्या स्क्रूच्या रिग आल्या. तिकाटणीला जिथे दिवस लागत, तिथे या रिगचे काम तासांत उरकते. पण रिग काही गाठोड्यात बांधून नेता येत नाही, आणि तिच्या लोखंडी पट्ट्यांवर रस्त्याने चालवत न्यावी तर वेग माणसाच्या चालीहून कमी आणि मागे डांबराची चाळण. तिला वाहून न्यायला लागतो लो-बेड ट्रेलर. दहिसरहून मीरा-भाईंदरकडे येणाऱ्या मेट्रो ९ चे काम २०१९ साली सुरू झाले, तेव्हापासून काशीमिऱ्याच्या नाक्यावर मध्यरात्रीनंतर हे ट्रेलर ज्यांनी पाहिले नाहीत, असे इथले रिक्षावाले विरळा.

वजनदार वस्तू हलवणे हा आपल्याकडे पूर्वीपासून पराक्रमाचाच विषय. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ओतली आणि १६३२ मध्ये परांड्याहून विजापूरला नेली. तिचे वजन ५५ टन सांगतात. नेमके आमच्या गल्लीत आलेल्या रिगएवढे! ती ओढायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली, अशी आख्यायिका आहे. आणि अगदी अलीकडची गोष्ट, आख्यायिकेला मागे टाकणारी: तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी ७० टनांचे एक यंत्र जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघाले आणि जुलै २०२० मध्ये पोचले. एक वर्ष! ७४ चाकांची गाडी, ३२ माणसांचा ताफा, वाटेत कुठे झाडे छाटली, कुठे विजेच्या तारा सोडवल्या, आणि मध्ये टाळेबंदी आली ती वेगळीच.

ही झाली दिगंत कीर्तीची उदाहरणे. आमच्या गल्लीतल्या ट्रेलरला असे काही भाग्य नाही. त्याचे गणित रोजचे, आणि म्हणून जास्त अवघड. रस्ता आणि पूल वजन मोजतात ते चाकांच्या आसांवर. चार टायरच्या एका आसावर पूर्वी १०.२ टन चालत, ते जुलै २०१८ मध्ये ११.५ टन झाले. गाडी आणि माल मिळून ४९ टनांची कमाल मर्यादा ५५ टनांवर गेली. त्यावर वजन गेले, किंवा माल गाडीच्या रुंदी-उंचीबाहेर आला, की खास परवानगी घ्यावी लागते. रस्ता कोणता, त्यावर पूल कोणते, कमानी किती उंच, हे सगळे आधी बघावे लागते. घोडबंदरचा जुना वर्सोवा पूल २०१६ साली दुरुस्तीसाठी अवजड वाहनांना बंद झाला आणि २०१७ मध्ये खुला झाला. तेवढ्या महिन्यांत किती ट्रेलर भिवंडीच्या वळशाने गेले, त्याची मोजदाद ड्रायव्हरांच्या जागरणातच असेल. शेजारचा नवा पूल २०२३ साली सुरू झाला. त्याचेही पाय खाडीच्या तळाशी रोवायला अशीच यंत्रे अशाच गाड्यांवरून आली असणार.

आणि उंची? तिथेच ते दोन फूट येतात. समजा, यंत्राची उंची दहा-साडेदहा फूट. साध्या ट्रेलरवर ठेवले तर माथा साडेपंधरा फुटांवर जातो. लो-बेडवर साडेतेरा फुटांवर राहतो. हमरस्त्यावरच्या पुलाखालून दोन्ही निघतील. पण हमरस्ता संपून वस्ती सुरू झाली, की विजेच्या तारा, टीव्हीच्या केबली, लग्नाच्या मांडवाची राहून गेलेली दोरी, कुणाकुणाची वायर. आपल्या गल्ल्यांतले आभाळ फार खाली असते. शिवाय वजन जितके उंच, तितकी वळणावर कलंडण्याची भीती जास्त. गायमुखच्या घाटात उलटलेल्या गाड्या पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

*

आता माझा हिशेब.

१९९६ साली मी या पट्ट्यातल्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. लहान वाहतूकदारांना कर्ज देणे हे तेव्हा आमच्या अग्रक्रमाच्या क्षेत्रात येई आणि वरिष्ठांचा त्यासाठी तगादाही असे. एक दिवस पस्तिशीचा एक माणूस समोर येऊन बसला. आगरी. वडिलांचे तळपाय मिठागरात झिजलेले; हा बारा वर्षे दुसऱ्याच्या ट्रेलरवर ड्रायव्हर. पोकलेन, क्रेन, विंच अशी बांधकामाची अवजारे साइटवर पोचवायचा. आता स्वतःची गाडी घ्यायची होती. त्याने दोन कोटेशने आणली होती, एक साध्या ट्रेलरचे, दुसरे लो-बेडचे. दुसरे चांगलेच महाग.

मी विचारले, "हा महागाचा कशाला?"

"तो खाली हाय, सायेब. दोन फूट खाली."

"दोन फुटांनी भाडं जास्त मिळतं?"

"भाडं नाय वाढत. वायरी लागत नाय."

मी हिशेब मांडला. साधा ट्रेलर जाताना यंत्र नेईल, येताना न्हावा-शेव्याहून लोखंडाची गुंडाळी, तुळया, काहीही आणील. लो-बेड परतताना बहुतेक रिकामाच येणार. खर्च जास्त, उत्पन्न कमी. परतफेडीचे गणित साध्या ट्रेलरवर नीट बसत होते. लो-बेडवर ओढून ताणून. मी त्याला हे समजावून सांगितले. आवाजात जो काही शहाणपणा आणता येतो तो सगळा आणून सांगितले. आणि शेवटी म्हणालो, आणि हे वाक्य मला शब्दाशब्दाने आठवते, "अहो, वायरी उचलायला वर बांबू घेऊन माणूस असतोच की!"

तो म्हणाला, "हाय ना. भाचा हाय माझा."

"मग झालं तर."

त्याने थोडा वेळ दोन्ही कागदांकडे पाहिले आणि साध्या ट्रेलरच्या कोटेशनवर सही केली. कर्ज मंजूर झाले. पेढे घेऊन आला तेव्हा बरोबर तो भाचाही होता. विशीचा, काटकुळा, लाजरा. मी विचारले, "काय रे, भीती नाही वाटत वर बसायला?" तो नुसता हसला.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात, हप्त्याच्या तारखेला तो आला. पैसे मोजून दिले, पावती घेतली, पण उठेना. मी कामात होतो. मान वर न करता विचारले, "भाचा काय म्हणतो?"

"गेला, सायेब."

रात्रीची वेळ, पावसाची रिपरिप, एका साइटवर क्रेन पोचवायची होती. ठेकेदाराला घाई. गल्लीत लाइटची तार खाली लोंबत होती. भाचा क्रेनच्या डोक्यावर उभा राहून बांबूने ती वर उचलत होता. कोरडा बांबू एक वेळ वाचवतो. ओला बांबू वाचवत नाही. मला काय बोलावे ते सुचेना. त्याला बहुधा माझी दया आली. जाताना म्हणाला, "तुमचा काय दोष नाय, सायेब. कागद बरोबरच व्हता."

कागद बरोबरच होता! त्या खात्यात एकही हप्ता कधी थकला नाही. मुदतीच्या आधी कर्ज फिटले. तपासणीला आलेल्या ऑडिटरने अहवालात आदर्श खाते म्हणून त्याचा उल्लेख केला, आणि ती शाबासकी माझ्या गोपनीय अहवालात जमा झाली. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या. बँकेतली कितीतरी माणसे वेगवेगळ्या नावांनी त्यांत येऊन गेली. हा मामा आणि हा भाचा मात्र एकाही कादंबरीत आले नाहीत. आणायचा धीर झाला नाही, असे म्हणणे जास्त खरे.

मी नियम मोडला नव्हता, लाच घेतली नव्हती, निष्काळजीपणाही केला नव्हता. मी फक्त कर्जाच्या अर्जात जेवढे रकाने होते तेवढेच भरले होते. उत्पन्नाचा रकाना होता, तारणाचा होता, जामीनदाराचा होता. उंचीचा नव्हता. ज्याला बारा वर्षांचा अनुभव होता तो माणूस ते दोन फूट मला तोंडी सांगत होता, आणि मी त्याला परतीच्या भाड्याचे गणित शिकवत होतो.

तेव्हापासून अशा यंत्राजवळचा माणूस मला आधी दिसतो आणि यंत्र नंतर. २०२४ च्या मे महिन्यात आपल्याच घोडबंदरजवळ, वर्सोवा खाडीच्या काठी, पाणीयोजनेसाठी खणलेल्या खोल विवराची भिंत कोसळली आणि पोकलेन आपल्या चालकासह मातीखाली गेले. आपत्ती निवारण दल, लष्कर, नौदल शोधकार्यात उतरले. त्या दिवसांत आम्ही सगळे त्याबद्दल बोलत होतो. त्याआधी त्या रस्त्याने शेकडो वेळा जाऊनही, त्या केबिनमध्ये कोणी माणूस बसलेला आहे याची आम्ही कधी दखल घेतली होती काय?

*

तर त्या रात्री ट्रेलरच्या रिकाम्या पाटावर हात ठेवून मी उभा होतो. ड्रायव्हर साखळ्या गोळा करून पेटीत टाकत होता. मी विचारले, "वायरी कशा पार केल्यात?"

"मागच्या चौकात एक केबल खाली होती, काका. थांबलो. केबलवाल्याला फोन लावला. तासभर गेला."

"बांबू नाही ठेवत?"

"आहे की!" त्याने घोड्याच्या मागे बांधलेल्या बांबूकडे बोट दाखवले. "केबलच्या, इंटरनेटच्या वायरीला चालतो. खालूनच उचलायची. लाइटच्या तारेला मात्र हात नाही. लाइन बंद करून घ्यायची, नाहीतर गाडी जागची हलत नाही."

"आणि कुणी घाई केली तर?"

तो हसला. "घाई तर सगळेच करतात, काका. लाइन बंद करायला वेळ जातो, गाडी उभी राहते, उभ्या गाडीचे पैसे कोणी देत नाही. आमचा मालक चांगला आहे म्हणून निभतं. सगळे तसे नसतात."

बँकेत ज्याने आयुष्य काढले त्याला या वाक्यातली मेख लगेच कळते. लाइन बंद करून घेणे, रस्ता आधी पाहून ठेवणे, बुटका ट्रेलर आणणे, हे सगळे खर्चात येते आणि कोणाच्याच बिलात दिसत नाही. ठेकेदार स्वस्तातली गाडी मागतो, कारण बिल्डर स्वस्तातला ठेकेदार मागतो, आणि बिल्डरशी घासाघीस करणारे आम्ही! आमच्या पुनर्विकासाच्या करारावर कमिटीने दीड वर्ष काथ्याकूट केला. वाढीव जागा किती, भाडे किती, लिफ्ट कोणत्या कंपनीची, स्वयंपाकघराच्या टाइल्स कोणत्या. टाइल्सवर एक पूर्ण सभा गाजली. यंत्रे आमच्या गल्लीत कशी येणार आणि कोणाच्या जिवावर येणार, हे कोणी विचारले नाही. मीही नाही. ज्याला विचारायचे सर्वांत जास्त कारण होते, त्यानेही नाही.

पुढच्या रविवारी कमिटीची सभा होती. मी विषय काढला. अजून तीन वर्षे क्रेन, रिग, पंप येत-जात राहणार. जड यंत्र लो-बेडवरूनच यावे. येण्याआधी रस्ता पाहिलेला असावा. विजेची तार आड येत असेल तर लाइन बंद केल्याशिवाय गाडी पुढे जाऊ नये. आणि त्या रात्री उशीर झाला तर सोसायटी बिल्डरकडे घाईची तक्रार करणार नाही, असे लेखी द्यावे. सेक्रेटरी म्हणाले, "काका, याचा आपल्या फ्लॅटशी काय संबंध? हे त्यांचं ते बघतील." दोघे-तिघे घड्याळाकडे बघू लागले.

तेव्हा मी ती गोष्ट सांगितली. दोन कोटेशनांची आणि बांबूची. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कोणाला तरी. सौभाग्यवतींनाही ती तिथेच कळली. सांगून झाल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. पंखा तेवढा करकरत होता. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या टाइल्सच्या सभेत सर्वांत जास्त भांडल्या होत्या, त्या म्हणाल्या, "माझं अनुमोदन लिहा."

ठराव मंजूर झाला. बिल्डरच्या इंजिनिअरने कुरकुर न करता सही केली, उलट म्हणाला, "मागणी तुमच्याकडून आली की आम्हालाही वर सांगायला बरं पडतं." सभेच्या इतिवृत्तात ती ओळ चार नंबरला आहे. टाइल्सच्या खाली आणि लिफ्टच्या वर.